उंबरठ्यावरचं दूध

"नोखोई खोर!" मी तिसऱ्यांदा ओरडलो.

मंगोलियात कुणाच्या अंगणात शिरण्याआधी ‘घरात कोणी आहे का’ असं विचारत नाहीत, ‘कुत्रा धरा’ असं ओरडतात. त्याचे हे दोन शब्द. दीड वर्षात मी मंगोल भाषा बऱ्यापैकी शिकलो होतो, पण झोपेतसुद्धा न चुकता म्हणता येतील असे हे दोनच शब्द होते. मला कुत्र्यांची भयंकर भीती. आठ वर्षांचा असताना दौंडच्या रेल्वे यार्डात एका कुत्रीने माझी पोटरी फाडली होती आणि बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर कुणाच्या कडेवरचं पिल्लू दिसलं तरी रस्ता ओलांडत असे. आणि देवाने मला पाठवलं कुठे, तर जिथे घरागणिक वासराएवढा कुत्रा असतो त्या गावात.

"आज वेळ लागतोय तिला," एल्डर फिफिता म्हणाला. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण साठले होते.

शनिवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते, आणि थंडी उणे एकतीस. उलानबातरच्या उत्तरेला टेकडीवर फळ्यांची कुंपणं घातलेली हजारो अंगणं आहेत आणि प्रत्येक अंगणात दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा, एक गोल तंबू, म्हणजे तिथलं घर. प्रत्येक घरात कोळशाची चूल. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता आणि धुरांड्यांतला धूर वर न जाता कुंपणांवरून खाली उतरत होता. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि विसरलो.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा, मॉर्मन चर्चचा मिशनरी. दोन वर्षं घर सोडायचं, चर्च सांगेल त्या देशात जायचं, आईला वर्षातून दोनदाच फोन करायचा. माझं नाव नोएल, पण तिथे नाव कुणी वापरत नसे. छातीवरच्या काळ्या पट्टीवर फक्त ‘एल्डर अमोलिक’; एल्डर ही आम्हा मिशनऱ्यांची पदवी. सकाळी साडेसहाला उठायचं, दंडबैठका, बायबल, मग एका शाळेत इंग्रजीचे तास, आणि दुपारी ज्यांनी आपणहून बोलावलं असेल त्यांच्याच घरी जायचं. सगळं जोडीने. जोडीदार नजरेआड होता कामा नये. तो न्हाणीघरात जाईल तेवढाच काय तो एकांत. माझा जोडीदार फिफिता टोंगा बेटांवरचा, वय एकोणीस, वजन एकशे दहा किलो, येऊन पाच आठवडे झालेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बर्फ पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, आणि परत फिरता येतं का असं त्याने हवाईसुंदरीला विचारलं होतं म्हणे. मी सीनियर, तो ज्युनियर. काय करायचं ते मी ठरवायचं.

शेवटी अंगणात पावलं वाजली. ओयुनाताईंनी आपल्या बासार कुत्र्याला पट्टा धरून दारापाशी ओढून नेलं आणि आतूनच आवाज दिला, "धरलाय! या!"

आम्ही फाटक ढकललं. ओयुना चोवीस-पंचवीस वर्षांची होती. तिचा नवरा गानबात कोळशाचा ट्रक चालवायचा आणि गेल्या दोन महिन्यांपासून दर शनिवारी आम्हाला बोलवायचा. मोठी हसरी बाई. आम्ही चहा घेत नाही हे कळल्यावर ती आमच्यासाठी पत्ती न घालता नुसतं मीठ घातलेलं दूध वेगळं तापवायची. पहिल्या खेपेला मी बाहेर उभं राहूनच तिच्या बाळासाठी आणलेला खुळखुळा पुढे केला, तर तिने पटकन हात मागे घेतला होता. "बाग्श, उंबरठ्यावरून देणंघेणं करायचं नसतं. आत या, नाहीतर मी बाहेर येते." बाग्श म्हणजे गुरुजी. मला हसूच आलं होतं, कारण दौंडला आमच्या आईचंही हेच म्हणणं. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती, पप्पांनी मॉर्मन होऊन चहासुद्धा सोडलेला, पण उंबरठा काही आईला सुटला नव्हता.

त्या दिवशी ओयुना दारातच उभी राहिली. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसरा हात चौकटीवर. बासार माझ्याकडे बघून गुरगुरत होता.

"गानबात आहेत ना?" मी विचारलं.

"ट्रक बंद पडलाय वाटेत. संध्याकाळ होईल म्हणाला. तुम्ही या, दूध तापवलंय."

मी थांबलो. आमच्या शर्टाच्या खिशात नियमांची छोटी पांढरी पुस्तिका असायची. घरात दुसरा मोठा पुरुष नसेल तर बाईमाणसाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यात होता, आणि तो वाईट नियम होता असं मी आजही म्हणणार नाही. नोव्हेंबरातच आमच्या शेजारच्या खोलीतला एल्डर डॉब्सन हाच नियम मोडून एका मुलीच्या घरी जेवायला गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची बॅग भरली गेली. विमानतळावर जाताना त्याचा चेहरा मी पाहिला होता. आपणही असे परत गेलो तर, या विचाराने मला रात्री दरदरून घाम फुटायचा.

त्यात माझे पप्पा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. निघताना स्टेशनवर त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. "सिग्नल लाल असेल तर थांबायचं. का लाल आहे हे ड्रायव्हरने विचारायचं नसतं."

"ताई, गानबात नाहीत तर आम्ही पुढच्या शनिवारी येतो," मी म्हणालो.

"थोडा वेळ तरी या. थंडी किती आहे." तिने कपाळ चोळलं. "माझं सकाळपासून डोकं दुखतंय. मळमळतंय. बाळ पण नुसतं झोपलंय आज, दूधही प्यायलं नाही. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करा ना."

"एल्डर," फिफिता मला इंग्रजीत हळूच म्हणाला, "जाऊया का दोन मिनिटं? दार उघडं ठेवू."

"नियम नियम असतो."

"तिला बरं नाहीये."

"म्हणूनच तर. आजारी बाई, एकटी घरात. कुणी पाहिलं तर?"

खरं सांगायचं तर नियमाइतकीच मला त्या कुत्र्याचीही धास्ती वाटत होती. तिचा हात थरथरत होता आणि तो पट्टा सुटला तर काय, याच्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

म्हणून आम्ही बाहेरच उभं राहून प्रार्थना केली. टोप्या काढून, माना खाली घालून, दाराच्या त्या बाजूला ती, या बाजूला आम्ही. मी मंगोल भाषेत या घरावर देवाची कृपा राहो, आईला आणि लेकराला आराम पडो, असं बरंच काही छान छान म्हणालो. आमेन म्हणून डोळे उघडले तर ओयुना आत वळली होती. एका हातात बासारचा पट्टा तसाच धरून, दुसऱ्या हातात दुधाचा वाडगा घेऊन ती परत आली आणि तिने तो माझ्यापुढे धरला. दूध हिंदकळून तिच्या बोटांवर सांडत होतं.

"घ्या बाग्श."

"नको ताई, आम्ही निघतो," मी म्हणालो आणि पाठमोरा न होता, कुत्र्यावर नजर ठेवून, फाटकापर्यंत मागे मागे चालत गेलो.

बसथांबा टेकडीच्या पायथ्याशी, वीस मिनिटांवर. बर्फावर पाय जपून टाकत आम्ही उतरत होतो. पाण्याच्या टाकीपाशी बायका डबे भरत होत्या. फिफिता गात नव्हता. हा मुलगा एरवी चालता चालता गात असे.

"रागावलास?" मी विचारलं.

"नाही. तू सीनियर आहेस."

"हे रागावल्यासारखंच झालं."

"मी तिचा विचार करतोय," तो म्हणाला. "तिने तुला दूध दारातून दिलं."

"मग?"

"तीच म्हणाली होती ना, उंबरठ्यावरून देत नाहीत. तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस. मग तिने का दिलं?"

मी पाच-दहा पावलं तसाच चाललो. समोर मिनीबस येत होती आणि कंडक्टर मुलगी दारातून ओरडत होती. का दिलं? भानावर असताना ती बाई असं कधी करणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मी जागीच थांबलो.

डोकं दुखतंय. मळमळतंय. बाळ नुसतं झोपलंय.

मला आमची दौंडची रेल्वे चाळ आठवली. आमच्यापासून चौथ्या खोलीत धोत्रे राहायचे. एका डिसेंबरात थंडी फार म्हणून त्यांनी कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि दारं-खिडक्यांना चादरी लावल्या. कोळशाच्या विषारी वायूने सकाळी तिघंही उठले नाहीत. त्यानंतर आईने शेगडीला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ही गोष्ट मला पाठ होती. लहानपणापासून पाठ होती. आणि मी त्या बाईच्या दारात उभा राहून, टोपी काढून, तिच्यासाठी सुंदर प्रार्थना करून आलो होतो.

"फिफिता, पळ!" मी म्हणालो.

चढावर, त्या थंडीत पळता येत नाही. छातीत हवा सुरीसारखी जाते. आम्ही चार पावलं पळायचो, दोन घसरायचो. बसच्या वेळी मिनिटं किती भराभर जातात आणि तेव्हा एकेक कुंपण संपता संपत नव्हतं. मी मनात प्रार्थना करायला गेलो तर एक शब्द येईना. नुसतं ‘नको, नको’ एवढंच.

फाटकापाशी पोचलो. "नोखोई खोर!"

कोणी आलं नाही. फळीच्या फटीतून पाहिलं. बासार मोकळा होता. तो फाटकाच्या आतच उभा होता, मान खाली, दात बाहेर. तंबूचं दार बंद. धुरांड्यातून धूर येत होता, बारीक, आणि तंबूच्या अंगावरूनच खाली सरकत होता.

"नोखोई खोर! ओयुनाताई!"

सगळं अंग सांगत होतं, जाऊ नकोस. मी फाटकावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. एक बाई आणि एक आठ महिन्यांचं लेकरू आत आहे, हे मला कळत होतं, आणि तरीही माझा हात हलेना. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

फिफिताने अंगातला जाड कोट काढला. उणे एकतीसमध्ये तो शर्ट-स्वेटरवर उभा होता आणि कोट डाव्या हाताला गुंडाळत होता.

"मी त्याला धरतो. तू आत जा."

"आपण वेगळं नाही व्हायचं..." हे मी खरोखर म्हणालो. त्या वेळी, त्या जागी.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "एल्डर," तो म्हणाला, "जा."

आणि त्याने फाटक खांद्याने उघडलं. बासार सरळ त्याच्या अंगावर आला. कोट गुंडाळलेला हात त्याने कुत्र्याच्या तोंडात दिला आणि सगळं वजन घेऊन तो त्याच्यावर पडला. दोघं बर्फात लोळू लागले. मी त्यांच्या बाजूने पळालो. पायाला काहीतरी घासलं आणि मी किंचाळलो, पण ते अंगणातलं लाकूड होतं.

दार उघडलं. आत धूर नव्हता. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. छान ऊब होती, चूल लालबुंद होती, उतू गेलेल्या दुधाचा वास होता. छताच्या मधल्या झरोक्यावर थंडीसाठी नमदा घट्ट ओढून घेतला होता. ओयुना चुलीशेजारी कुशीवर पडली होती, वाडगा तिच्या हाताजवळ. मी हाक मारली. ती हलली नाही.

डावीकडच्या पलंगावर बाळ होतं, तेमूलेन. गाल गुलाबी, ओठ लाल, अगदी गाढ झोपल्यासारखं. मी त्याला रजईसकट उचललं तर त्याचं डोकं माझ्या हातावरून मागे पडलं. बाहेर येऊन मी त्याला अंगणातल्या, पाणी आणायच्या हातगाड्यावर ठेवलं, रजई तोंडाभोवती सैल केली आणि परत आत गेलो. आता माझंही डोकं गरगरू लागलं होतं. ओयुनाला काखेत धरून ओढलं. तिचे बूट उंबरठ्यात अडकले. मी ओढत होतो आणि ते सुटत नव्हते आणि मी रडत होतो. एकदाचे सुटले.

मला मदतीसाठी ओरडायचं होतं. मंगोल भाषेत ‘वाचवा’ला काय म्हणतात ते मला येत होतं, शिकवलेलंही होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते एकच. "नोखोई खोर! नोखोई खोर! नोखोई खोर!" वेड्यासारखा मी तेच ओरडत राहिलो.

शेजारच्या कुंपणावरून एका म्हाताऱ्याचं डोकं वर आलं. कुत्रा कुणाला तरी फाडतोय असंच त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण अंगणात पाहिल्यावर त्याला सगळं एका क्षणात समजलं. तिथल्या म्हाताऱ्यांना हा मरणाचा प्रकार नवा नाही. त्याने शिट्टी घालून बासारला बाजूला घेतलं, मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली आणि बाळाला उलटं धरून त्याच्या तळव्यांवर चापट्या मारल्या. एक. दोन. कितीतरी. मग तेमूलेनने तोंड उघडलं, आणि बराच वेळ आवाजच आला नाही, आणि मग आला.

एवढं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, माझ्या स्वतःच्या मुलांचंही नाही.

दवाखान्यात दोघांना प्राणवायू लावला. फिफिताच्या हाताला नऊ टाके पडले आणि माझ्यासारखीच इंजेक्शनंही घ्यावी लागली. मी त्याचा दुसरा हात धरून बसलो होतो. संध्याकाळी आमच्या मिशनचे प्रेसिडेंट धावत आले. साठीचे, मायाळू गृहस्थ. मला वाटलं, आता बॅग भरायची.

"नियम मोडला मी," मी म्हणालो.

"मुला, नियम माणसाच्या जिवासाठी असतात," ते म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "पण मला सांग, गानबात घरी नसताना तुम्हाला तिकडे जावंसं वाटलं तरी कसं?"

तेव्हा सांगायचं होतं. प्रश्न सरळ होता. फिफिता शेजारीच बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

"वाटलं," मी म्हणालो. "एकदम वाटलं."

प्रेसिडेंटांचे डोळे भरून आले. आमच्या लोकांत या ‘एकदम वाटण्या’ला फार मोठा मान आहे. देवाच्या आत्म्याने कानात सांगितलं आणि माणसाने ऐकलं, असा त्याचा अर्थ. मी त्यांना असं काही म्हणालो नव्हतो. मी फक्त नाहीही म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी आम्ही प्रेसिडेंटांबरोबर ओयुनाला भेटायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. गानबात आमच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. मला एकच धास्ती होती, की तिला काय आठवतंय. डॉक्टर म्हणाले होते, अशा रोग्यांना बहुतेक काही आठवत नाही. आणि मी देवाची शपथ घेऊन सांगतो, मी मनात त्याचीच प्रार्थना करत होतो.

तिने खुणेने मला जवळ बोलावलं, बाही धरून खाली वाकवलं आणि कानात एक वाक्य म्हणाली.

"काय म्हणाली?" प्रेसिडेंटांनी विचारलं.

"आभार मानतेय," मी सांगितलं.

ती ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाळाचं टोपरं सारखं केलं.

पुढच्या सोमवारी प्रेसिडेंटांच्या पत्रात ती गोष्ट साऱ्या मिशनला गेली. बसथांब्यावर उभ्या असलेल्या एल्डर अमोलिकला आत्म्याने परत फिरवलं, अशी. दुधाचा वाडगा त्यात नव्हता, दारातली प्रार्थना नव्हती. त्या रात्री फिफिता अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाला, "पहिल्या खेपेचं सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. पुढे सहा आठवड्यांनी बदल्या होईपर्यंत आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, पण तो पुन्हा माझ्यासमोर गायला नाही.

मी घरी आलो तोवर ती गोष्ट माझ्या आधी दौंडला पोचली होती. पप्पा दर रविवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला चर्चला जात आणि भेटेल त्याला ती सांगत. त्यांचं ऐकून एका मावशींनी नातवाचं नाव नोएल ठेवलं. काय करणार? मी हसायचो.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून पप्पा बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नोएल, पत्रात ‘परत फिरवलं’ असं लिहिलं होतं. म्हणजे आधी एकदा गेला होतास तू?"

इंजिनवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या नजरेतून खिळा सुटत नसे.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे वाटेतून परत गेलो."

"असं होय." त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "तुला एक सांगायचं राहिलं माझं. काही सिग्नल आपोआप चालणारे असतात. तो लाल असला तर ड्रायव्हर थांबतो. पण कायम नाही. दिवसा एक मिनिट थांबायचं, शिटी द्यायची आणि जपून पुढे जायचं. हाही नियमच आहे. मी तुला अर्धाच सांगितला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या तोंडून ती गोष्ट मी ऐकली नाही. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली, आणि मी त्यांना सांगितलं नाही ते नाहीच.

अठरा वर्षं मी त्या गोष्टीवर जगलो. चर्चमध्ये मला मान मिळाला, लग्न जमलं तेही थोडंफार तिच्यामुळेच. आणि अठरा वर्षं परदेशी नंबर दिसला की मी फोन उचलायच्या आधी खोलीचं दार लावून घ्यायचो.

गेल्या महिन्यात तसा फोन आला. पलीकडे एक कोवळा पुरुषी आवाज, अडखळत्या इंग्रजीत.

"अमोलिक बाग्श? मी तेमूलेन. गानबातचा मुलगा. मी पुढच्या महिन्यात मिशनवर चाललोय."

मी खुर्ची ओढून बसलो.

"जाण्याआधी मला त्या दिवसाची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे," तो म्हणाला. "आई म्हणाली, त्यांनाच विचार."

छापील गोष्ट जिभेवर तयार होती. बसथांबा, मिनीबस, एकदम वाटणं. मी तोंड उघडलं आणि मला त्या फाटकावरचा माझा हात दिसला, न हलणारा.

"तेमूलेन," मी म्हणालो, "आम्ही त्या दिवशी दोनदा आलो होतो."

मग मी थांबलो नाही. डॉब्सन सांगितला, पांढरी पुस्तिका सांगितली, कुत्र्याची भीती सांगितली. त्याच्या आईने बरं नाही म्हणून सांगितलं आणि मी टोपी काढून प्रार्थना केली, हे सांगितलं. तिने उंबरठ्यावरून वाडगा पुढे केला, आणि तेवढ्यावरून ज्याच्या मनात शंका आली तो मी नव्हतो, फिफिता होता, हेही. माझी मंगोल भाषा गंजली होती. जिथे अडलो तिथे इंग्रजी, आणि एक-दोनदा तर मराठीच बोललो असेन.

"दवाखान्यात तुझी आई माझ्या कानात काय म्हणाली ते मी कुणाला सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "ती म्हणाली, ‘तुम्ही दूध घेतलं नाहीत.’"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहीत आहे, बाग्श," तेमूलेन म्हणाला. "आईने मी लहान असतानाच सांगितलंय."

"मग मला का विचारलंस रे?"

"आई म्हणाली, एकाच खेपेचं सांगितलं तर आभार मान आणि फोन ठेव." त्याने श्वास घेतला. "दोन्हींचं सांगितलं तर फोन मला दे, असं म्हणाली ती."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. लांबवर कुठेतरी एक कुत्रा भुंकत होता. मग तिचा आवाज आला, जाडसर झालेला, पण तोच.

"बाग्श," ओयुनाताई म्हणाल्या, "कुत्रा धरलाय मी. या आत."